गरोदर बाई, तिचं लिव्हर आणि फवारणीचं औषध

कळंब तालुक्यातल्या एका आशा ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्यांच्या गावातली एक बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. नवरा कपाशीवर फवारा मारतो, ती विहिरीवरून पाणी आणून पंप भरून देते, निंदणाला जाते आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे धुते. सासूबाईंचं म्हणणं, दोन जिवाच्या बाईच्या अंगात उष्णता असते, विष जळून जातं. कृषी केंद्रावर कोणीतरी सांगितलं, गरोदरपणात लिव्हर कमजोर होतं, विष साचून राहतं. मग रक्त तपासलं, तर लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला. तेव्हापासून घरच्यांनी तिचं काम चालूच ठेवलंय. ताई विचारतात, यातलं खरं काय, आणि त्या बाईला नेमकं सांगू काय?

ताई, आधी थोडक्यात उत्तर देतो, कारण तुम्हाला उद्या सकाळीच गृहभेटीला जायचं असेल. गरोदरपणात लिव्हर कमजोरही होत नाही आणि जास्त ताकदवानही होत नाही. त्याच्या कामाची मांडणी बदलते. काही रसायनं ते नेहमीपेक्षा झपाट्याने फोडतं, काही फार सावकाश. फवारणीच्या काही औषधांचं तर असं आहे, की लिव्हरने ती फोडली की त्यातून मूळ औषधापेक्षा जहाल विष तयार होतं. म्हणून लिव्हरच्या भरवशावर कोणत्याही गरोदर बाईला फवारणीजवळ जाऊ द्यायचं नाही, रिपोर्ट कितीही चांगला असो.

आता रिपोर्टचं बोलतो, कारण काम चालू राहिलं ते त्या कागदामुळे. लिव्हर फंक्शन टेस्टमधले एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे एवढंच सांगतात, की लिव्हरच्या पेशींना इजा झाली आहे का. इजा झाली की पेशीतला माल रक्तात सांडतो आणि आकडा वाढतो. लिव्हर एखादं कीटकनाशक किती वेगाने हाताळेल, याबद्दल त्या कागदावर काहीच नसतं. गरोदरपणात एसजीपीटी नॉर्मलच असायला हवं, त्यामुळे नॉर्मल आलं यात विशेष काही नाही. शेवटच्या तीन महिन्यांत अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं ते वारेमुळे (प्लॅसेंटामुळे), आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटलेलं दिसतं कारण रक्तातलं पाणी वाढलेलं असतं. हे दोन्ही आजार नव्हेत. घरच्यांना सांगा, की ही तपासणी फवारणीसाठी परवानगी देणारी नाही. अशी परवानगी देणारी कोणतीही तपासणी आजवर निघालेली नाही.

बाहेरून आलेलं रसायन लिव्हर कसं हाताळतं, ते आपल्या भागातल्या माणसाला जिनिंग-प्रेसिंगवरून चटकन कळतं. आधी जिनिंगमध्ये कापूस फोडून रुई आणि सरकी वेगळी करतात, मग प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधून ट्रकवर चढवतात. लिव्हरचंही काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या कुळातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, रसायनाची घडण बदलतात. दुसऱ्या टप्प्यात त्या बदललेल्या रसायनाला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडून ते पाण्यात विरघळेल असं करतात, म्हणजे ते लघवीतून किंवा पित्तातून बाहेर जातं. जिनिंग जोरात चालली आणि गाठी बांधायला कोणी नसलं, तर सुटी रुई आवारात पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. लिव्हरमध्येही दोन्ही टप्प्यांचा मेळ बसणं महत्त्वाचं असतं. नुसता वेग वाढून भागत नाही.

गरोदरपणात हा मेळ बदलतो तो संप्रेरकांमुळे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते आणि लिव्हरच्या पेशी त्यानुसार कुठलं एन्झाइम जास्त बनवायचं, कुठलं कमी, ते ठरवतात. त्या सायटोक्रोम कुळातल्या एन्झाइम्सच्या नावांआधी ‘सीवायपी’ लावतात. त्यातल्या सीवायपी-३ए४, २डी६, २सी९ आणि २ए६ यांचं काम वाढतं. सीवायपी-१ए२ आणि २सी१९ यांचं घटतं, २सी१९ तर जवळजवळ निम्म्यावर येतं. दुसऱ्या टप्प्यातली ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडणारी काही एन्झाइम्सही वाढतात. हे सगळं कळलं ते औषधांच्या अभ्यासातून. गरोदर बाईला कीटकनाशक देऊन कोणी मोजमाप करत नाही आणि करूही नये. म्हणून कोणतं एन्झाइम कोणतं रसायन फोडतं हे पाहून कीटकनाशकांचा हिशोब मांडावा लागतो.

ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही, परिणाम मात्र तुम्ही रोज बघता. चहा-कॉफीतलं कॅफीन १ए२ फोडतं. एरवी चार-पाच तासांत शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जातं, शेवटच्या तीन महिन्यांत त्याला पंधरा तासांच्या आसपास लागतात. वावरात दिवसभर काळ्या चहावर राहणाऱ्या बाईला रात्री झोप येत नाही, त्यामागे हेही असतं. निकोटीनचं उलट होतं. ते २ए६ फोडतं आणि गरोदरपणात त्याचा निचरा दीडपटीहून जास्त वेगाने होतो. म्हणून खर्रा खाणारी किंवा गुडाखू लावणारी बाई सांगते, की आता लवकर तलफ येते. तिच्या मनाचा तो दुबळेपणा नाही, तिला रागवू नका. सोडवायला मात्र नेटाने मदत करा, कारण तेच निकोटीन वारेतून बाळाकडे जातं. फिट्सवर लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बायकांमध्ये गोळी नेहमीचीच चालू असूनही रक्तातली पातळी पार खाली येते आणि झटका येऊ शकतो. अशा बाईला डोस तपासून घ्यायला वेळेत पाठवा. म्हणजे एकाच बाईच्या लिव्हरमध्ये एक गोष्ट रेंगाळते आणि दुसरी धावते. ‘लिव्हर कमजोर’ किंवा ‘लिव्हर जोरात’ असा एका शब्दात निकाल देता येत नाही तो यामुळे.

आता फवारणीच्या औषधांकडे येतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट (पुढे नुसतं ‘फॉस्फेट’ म्हणतो) गटातली बरीच कीटकनाशकं, उदाहरणार्थ क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट, डब्यात असतात तेव्हा तुलनेने सौम्य असतात. त्यांच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेला असतो. लिव्हर तो गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतं आणि ‘ऑक्सॉन’ तयार होतो. मज्जातंतूंचं काम बिघडवणारं खरं विष हा ऑक्सॉनच. क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत ऑक्सॉन बनवण्याचं काम मुख्यतः सीवायपी-२बी६ करतं आणि त्याच मूळ रसायनाला निरुपद्रवी मार्गाने फोडण्याचं काम मुख्यतः २सी१९ करतं. गरोदरपणात २सी१९ घटतं हे वर आलंच. २बी६ इस्ट्रोजेनमुळे वाढतं, असं लिव्हरच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. ३ए४ दोन्हीकडे हात लावतं. म्हणजे विष बनवणारी वाट रुंद आणि विष निकामी करणारी वाट अरुंद, असा कल होण्याची शक्यता आहे. त्यातच काही माणसांत २सी१९ जन्मतःच मंद असतं. सासूबाईंच्या ‘जळून जातं’ या समजुतीत हाच धोका आहे. जळणं झालं तरी मागे राहते ती राख नाही, विषच.

मोनोक्रोटोफॉसला तर ही पायरीही लागत नाही. त्यात ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, अंगावर पडलं की ते थेट काम सुरू करतं. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ सालापासून बंदी आहे, कपाशीच्या वावरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याचा डबा दिसत आला. पांढऱ्या माशीवर मारतात ते डायफेन्थ्युरॉन या गटाहून वेगळं, पण त्याची वाट क्लोरपायरिफॉससारखीच, बदलून जहाल होण्याची. ते उन्हात आणि शरीरात बदलून कार्बोडायइमाइड बनतं आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतं. इमिडाक्लोप्रिड बहुतांशी ३ए४ फोडतं, त्यामुळे गरोदरपणात ते थोडं लवकर निघत असावं. ग्लायफोसेट, म्हणजे चोरबीटीच्या (तणनाशक सोसणाऱ्या, पण परवानगी नसलेल्या बियाण्याच्या) पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, सर्रास मारतात ते तणनाशक, लिव्हरकडे फारसं जातच नाही. ते बरंचसं जसंच्या तसं लघवीतून निघतं. पॅराक्वाटही लिव्हर फोडू शकत नाही, ते किडनीतून जातं आणि जाता जाता फुप्फुसांची वाट लावतं. गरोदर बाईच्या पोटात पॅराक्वाट गेलं तर ते वारेपलीकडे बाळात साठतं. या दोन तणनाशकांच्या बाबतीत लिव्हर जोरात आहे की मंद, हा प्रश्नच गैरलागू आहे.

मिश्रणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे एका पंपात दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक टाकायची पद्धत रूढ झालीय. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण तर तयार बाटलीतच मिळतं. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड नावाच्या दुसऱ्या गटातलं कीटकनाशक. ते माणसाच्या शरीरात लवकर फुटतं म्हणून सौम्य समजलं जातं. पण ते फोडणाऱ्यांत कार्बोक्झिलएस्टरेज नावाची एन्झाइम्स महत्त्वाची असतात, आणि प्रोफेनोफॉससारखी फॉस्फेट औषधं नेमकी तीच निकामी करतात. अळी मरावी म्हणून हे मिश्रण काम करतं ते बऱ्याच अंशी याच कारणाने, कारण अळीचीही बचाव यंत्रणा तशीच असते. बाईच्या लिव्हरलाही तोच फटका बसतो. दोन औषधांचे धोके बेरजेने वाढतील असं धरून चालू नका, ते बेरजेपेक्षा जास्त वाढू शकतात.

लिव्हरकडे आणखी एक बचाव असतो आणि गरोदरपणात तोच थोडा उतरतो. लिव्हर कोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम बनवून रक्तात सोडतं. फॉस्फेट विष रक्तात आलं की हे एन्झाइम ते स्वतःवर झेलतं, म्हणजे मज्जातंतूंपर्यंत तेवढं कमी पोचतं. गरोदरपणात पहिल्या तिमाहीपासूनच रक्तातलं हे प्रमाण साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटतं आणि बाळंतपणानंतरचे काही दिवस कमीच राहतं. ऑक्सॉन फोडणारं पॅराऑक्सोनेज नावाचं दुसरं एन्झाइमही गरोदरपणाच्या उत्तरार्धात कमी झालेलं आढळतं. गाभण उंदरांवर पॅराथिऑन या फॉस्फेट गटातल्याच औषधाचे प्रयोग झाले, तेव्हा त्यांना तेवढ्याच डोसचा त्रास इतर उंदरांपेक्षा जास्त झाला.

हे कोलिनएस्टरेजचं प्रकरण दवाखान्यातही गोंधळ घालतं. वावरातून चक्कर येऊन आणलेली गरोदर बाई, रिपोर्टमध्ये प्लाझ्मा कोलिनएस्टरेज थोडं कमी, आणि लगेच विषबाधेचा शिक्का. दुसऱ्या बाजूला खरी विषबाधा असलेल्या बाईचा आकडा ‘गरोदरपणात कमी असतोच’ म्हणून सोडून दिला जातो. माझी पद्धत अशी, की आकड्याआधी बाईकडे बघायचं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत का, तोंडातून लाळ गळतेय का, घामाने पोलकं चिंब आहे का, पापणीचे किंवा दंडाचे स्नायू आपोआप फडफडताहेत का, नाडी मंद आहे का, छातीत घरघर आहे का. ही लक्षणं असतील तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. शक्य असेल तिथे लाल रक्तपेशींमधलं कोलिनएस्टरेज तपासावं, कारण ते गरोदरपणाने फारसं घटत नाही. आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘गरोदर, अमुक महिने’ एवढं लिहायला विसरू नये.

लिव्हरचं इतकं सविस्तर सांगितलं तरी माझ्या मते खरा मोठा फरक त्याच्या आधीच्या पायरीवर पडतो, म्हणजे विष अंगात किती शिरतं यावर. गरोदर बाई दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त हवा आत घेते. तिच्या कातडीतून वाहणारं रक्त वाढलेलं असतं, म्हणून तर तिला उकडतं, आणि कातडीवर पडलेलं औषध आत ओढलं जाण्याची शक्यताही वाढते. रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढल्याने विष काही प्रमाणात पातळ होतं, किडनी दीडपट वेगाने गाळते, हे तिच्या बाजूचं. पण अल्ब्युमिन घटल्यामुळे त्याला चिकटून राहणारं रसायन जास्त प्रमाणात मोकळं फिरतं.

आणि शिरतं कसं ते बघा. विचारलं तर बाया सांगतात, “मी कुठी फवारा मारतो जी? मी तं फक्त पानी देतो.” म्हणून दवाखान्याच्या कागदावर तिचं काम ‘गृहिणी’ असं लागतं. प्रत्यक्षात धुऱ्यावर बादली ठेवलेली असते, बाटलीच्या झाकणाने माप घेऊन औषध बादलीत ओततात, आणि ते ढवळायला काडी जवळ नसली की हात कोपरापर्यंत आत जातो. पंप भरताना उसळलेलं पाणी मनगटावरून बांगड्यांखाली जाऊन बसतं. बादलीतल्या या औषधात अजून पूर्ण पाणी घातलेलं नसेल, तर ते फवाऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं. पुढे कपडे. पंपाची टाकी गळते ती पाठीवर, त्यामुळे नवऱ्याच्या सदऱ्याची पाठ आणि पँटचा मागचा भाग औषधाने भिजून वाळलेला असतो. ती कपडे पाण्यात टाकते, औषध पुन्हा ओलं होतं, ती उकिडवी बसून हातांनी चोळते आणि पोटावरचं लुगडं भिजतं. त्याच घमेल्यात लहान पोराचा झबला असतो. निंदणाला गेली तर पोळ्याच्या सुमाराला पऱ्हाटी कमरेच्या वर आलेली असते, आणि पाच-सहा महिन्यांचं पोट दोन ओळींमधून जाताना दोन्ही बाजूंच्या पानांना घासत जातं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर वाढली होती, हवा दमट होती, लोक औषधांची मिश्रणं मारत होते. त्यानंतर हातमोजे, मास्क, सुरक्षा किट यांवर बरंच बोललं गेलं आणि ते बरंच झालं. पण ते सगळं ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्यासाठी होतं. पाणी देणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदणाला जाणाऱ्या बाईचा विचार त्यात फार थोडा झाला, आणि मला ते आजही बोचतं.

बाळाचं सांगायचं तर वार ही गाळणी म्हणून पुरी पडत नाही. चरबीत विरघळणारी लहान रेणूंची रसायनं, म्हणजे बहुतेक कीटकनाशकं, तिच्यातून पलीकडे जातात. पोटातल्या बाळाचं लिव्हर काम करतं, पण त्याची एन्झाइम्स वेगळी असतात आणि गाठ बांधून बाहेर पाठवणारा दुसरा टप्पा फार कच्चा असतो. जन्मलेल्या बाळात पॅराऑक्सोनेज आईच्या मानाने बरंच कमी असतं, सरासरीने चौथ्या हिश्शाच्या आसपास, आणि ते पूर्ण भरायला बरेच महिने जातात. म्हणजे आईला काहीही न झालेला डोस बाळाला जड जाऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्यात शेतमजूर गरोदर बायकांचा एक दीर्घ अभ्यास १९९९-२००० मध्ये सुरू झाला. गरोदरपणात आईच्या लघवीत फॉस्फेट औषधांचे अवशेष सर्वात जास्त होते त्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सात वर्षांच्या वयात, सर्वात कमी अवशेष असलेल्या गटापेक्षा सरासरी सात अंकांनी कमी भरला. त्या बायका विषबाधा होऊन दवाखान्यात आलेल्या नव्हत्या. रोजचं काम करणाऱ्या होत्या.

म्हणून ‘पाचवा महिना लागला, आता काय व्हायचंय’ हे चालणार नाही. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या दोन महिन्यांत, आणि मेंदू-मज्जारज्जूची नळी तर गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तेव्हा बऱ्याच जणींना पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. पण मेंदूची जडणघडण नऊही महिने आणि पुढेही चालते. त्यामुळे आज थांबवलं तरी फायदा आहे, हे त्या घरी ठासून सांगा. आणि गावात ज्यांना मूल हवं आहे अशा सुनांना फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून सुरू करताना फवारणीचं पाणी देण्याचं कामही त्याच दिवसापासून बंद करायला सांगा.

आता त्या बाईच्या घरी काय बोलायचं ते. रोजी बुडते हे मला माहीत आहे, म्हणून ‘वावरात जाऊच नको’ असं सांगून येऊ नका. तसं सांगितलं की ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी जाते. काम बदलून मागा. पाणी देणं आणि औषध कालवणं पूर्ण बंद, यात तडजोड नाही. फवारलेल्या वावरात लेबलवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत जायचं नाही, आणि लेबल फाटलेलं असेल तर मी गरोदर बाईला किमान आठवडाभर त्या तुकड्यात जाऊ देत नाही. तोपर्यंत न फवारलेल्या तुरीत किंवा घरच्या अंगणात करता येईल ते काम द्यावं. शेजारच्या वावरात फवारा चालू असेल तर वारा तिकडून ज्या बाजूला वाहतोय तिथे थांबायचं नाही. कपडे ज्याने फवारले त्याने धुवावेत. हे ऐकायला नवरे नाखूष असतात, पण बाळाचं नाव घेतलं की ऐकतात, मी पाहिलंय. नाहीच जमलं तर रबरी हातमोजे घालून, काडीने कपडे आधी वेगळ्या बादलीत बुडवून, ते पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ न टाकता वावराच्या कोपऱ्यात टाकून, मग साबणाने धुवावेत, इतर कपड्यांपासून वेगळे. डबे घरात, खाटेखाली, धान्याजवळ ठेवायचे नाहीत, आणि रिकाम्या कॅनमधून पाणी तर कधीच प्यायचं नाही. डब्यावरचा लाल आणि पिवळा त्रिकोण सासूबाईंना बोट ठेवून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रंग कळतो.

लिव्हरला मदत म्हणून बाजारात काढे आणि सिरप मिळतात. ते घेऊ नका. शरीराला विष बाहेर काढायला प्रथिनं लागतात, कारण एन्झाइम्स आणि ग्लुटाथायोन त्यांचीच बनतात. तूर-मुगाची डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे परवडेल ते रोज पोटात गेलं पाहिजे. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, आणि आपल्या भागात सिकलसेल आहे म्हणून त्याची तपासणी झालीय का ते कार्डावर बघा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तिथे तिला घेऊन जा आणि ती फवारणीच्या कामाला होती हे स्वतः सांगा. ती आपणहून सांगणार नाही.

लिव्हरचे खरे आजार गरोदरपणात वेगळे असतात आणि ते फवारणीच्या गडबडीत सुटू नयेत. अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री जीव नकोसा करणारी खाज सुटली, तर ती पित्त अडल्याची असू शकते. डोळे पिवळे, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तदाब वाढणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी हिपॅटायटिस-ई ची कावीळ शेवटच्या तिमाहीत फार घातक ठरते, त्यात चार-पाच जणींमागे एक दगावू शकते. कावीळ उतरवणाऱ्याकडे किंवा झाडपाल्याकडे नेण्यात गेलेला एक दिवसही परवडत नाही.

विषबाधेची सुरुवात गरोदर बाईत ओळखणं कठीण असतं, कारण मळमळ, चक्कर, डोकेदुखी या तिच्या नेहमीच्या तक्रारी वाटतात. तुम्ही एकच प्रश्न विचारा, “आज किंवा काल वावरात फवारा होता का?” होता असेल आणि घाम, लाळ, अंधुक दिसणं, जुलाब किंवा दम लागणं यातलं काही असेल, तर कपडे उतरवून केस, नखं, बेंबीसकट साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. उलटी काढायला लावू नका. डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या. दवाखान्यात ‘गरोदर आहे, अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) देऊ का’ असा विचार करण्यात वेळ जाऊ नये. अॅट्रोपिन द्यायचंच, लागेल तेवढं द्यायचं, गरज असेल तर पॅम (प्रॅलिडॉक्झिम) हा दुसरा उताराही द्यायचा. अॅट्रोपिनने बाळाचे ठोके थोडे वाढतात, ते चालतं. आईचा श्वास थांबला तर बाळ वाचत नाही.

शेवटी सासूबाई विचारतीलच असा प्रश्न, की हिच्या अंगात औषध गेलं असेल तर बाळाला दूध पाजायचं का. पाजायचं. आजकालची फॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड औषधं बहुतांशी काही दिवसांत शरीरातून निघून जातात. एंडोसल्फान आणि डीडीटीसारखी जुनी क्लोरीनवाली औषधं चरबीत राहतात आणि दुधात थोडी उतरतात, पण एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि दुधाचा फायदा त्या अवशेषांपेक्षा फार मोठा आहे. फक्त बाळंतिणीने पुन्हा पाणी द्यायला जायचं नाही, आणि फवारणीवरून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही.